काख, प्रोब आणि कपाळ: एनआयसीयूत बाळाचं तापमान मोजतानाचा काही महिन्यांचा अनुभव

मी कोल्हापुरात एका खासगी रुग्णालयाच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या विभागातले उरलेसुरले पाऱ्याचे थर्मामीटर निघाले आणि तीन साधनं रोजच्या वापरात आली: मऊ टोकाचा डिजिटल थर्मामीटर, वॉर्मरचा (वरून हीटरची ऊब देणाऱ्या बाळाच्या खाटेचा) त्वचेवर चिकटवायचा प्रोब, म्हणजे तापमान टिपणारा सेन्सर, आणि कपाळासमोर धरायची थर्मल गन. पाऊस गेला, ऊसतोडीचा हंगाम लागला, आता थंडीही सरत आली. लहान नर्सिंग होममधल्या सिस्टर आणि नवा वॉर्मर घ्यायच्या विचारात असलेले डॉक्टर यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते. निर्णय घ्यायचा तो काखेतल्या आकड्यावर. प्रोब लागतोच, पण त्याचं काम वेगळं आहे. थर्मल गन मी एनआयसीयूच्या दाराबाहेरच ठेवीन.

नवजात बाळाचं काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार ३६ ते ३६.४ म्हणजे बाळ गारठायला लागलंय, ३२ ते ३५.९ म्हणजे मध्यम हायपोथर्मिया (अंग धोकादायक गार पडणं) आणि ३२ च्या खाली तीव्र. मोठ्या माणसाचं तापमान अर्धा अंश इकडेतिकडे झालं तर कुणी विचारत नाही. इथे तेवढ्यात उपचार बदलतो. वजनाच्या मानाने बाळाची त्वचा फार, तिच्याखाली चरबी जेमतेम, आणि त्याला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही. त्याची ऊब येते मानेभोवतीच्या, पाठीच्या फऱ्यांमधल्या आणि मूत्रपिंडांजवळच्या तपकिरी चरबीतून. ही चरबी मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत भरते, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे तीही पुरेशी नसते. गारठलेल्या बाळाला ऑक्सिजन जास्त लागतो, साखर उतरते, श्वास बिघडतो. अमेरिकेत अगदी कमी वजनाच्या बाळांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, दाखल होतानाचं तापमान एक अंशाने कमी असेल तर मृत्यूची शक्यता २८ टक्क्यांनी वाढलेली दिसली होती. म्हणून कोणता थर्मामीटर हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

डिजिटल थर्मामीटरवर मी समाधानी आहे. मऊ टोक किलोभराच्या बाळाच्या काखेतही टोचत नाही आणि काच फुटायची भीती गेली. आम्ही प्रत्येक बाळाला वेगळा थर्मामीटर ठेवतो, त्यावर बेड नंबर लिहितो आणि दर वेळी स्पिरिटने पुसतो. दोन गोष्टी मात्र वापरूनच कळतात. पहिली बीपची. स्वस्त थर्मामीटर तापमान चढायचं जवळजवळ थांबलं की बीप देतो, पण काखेत तसाच ठेवला तर आकडा आणखी थोडा वर सरकतो. आमच्याकडे ३६.३ वर बीप झालेला थर्मामीटर थोडा वेळ तसाच धरला तर ३६.५ दाखवतो, असं वारंवार दिसलं. आता बीपनंतर आकडा हलायचा थांबेपर्यंत आम्ही तो काढत नाही. काख कोरडी हवी, टोक काखेच्या खोलात टेकलेलं हवं आणि बाळाचा हात अंगाशी धरून ठेवायला हवा. दुसरी गोष्ट खालच्या मर्यादेची. बाजारात सहज मिळणारे बहुतेक डिजिटल थर्मामीटर ३२ अंशांच्या खाली आकडाच देत नाहीत, नुसतं ‘लो’ दाखवतात. रोजच्या कामाला ते चालतात, पण बाहेरून आलेली बाळं घेणाऱ्या विभागात कमी तापमान मोजणारा निदान एक थर्मामीटर हवाच. ‘लो’ म्हणजे ३१ की २९ हे कळल्याशिवाय बाळ किती वेगाने ऊबेला येतंय हे कळत नाही.

पाऱ्याचा थर्मामीटर चांगला होता, पण तीन ते पाच मिनिटं धरावा लागायचा आणि फुटला की पारा सांडायचा. साधा पाऱ्याचा थर्मामीटर ३५ पासूनच सुरू होतो, त्यामुळे खरं गारठलेलं बाळ त्यात दिसतच नाही. २०१३ च्या मिनामाता करारात पाऱ्याचे थर्मामीटर २०२० पर्यंत बंद करायचं ठरलंच होतं. तो गेला त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता प्रोब. सगळ्यात जास्त मला याच्याबद्दलच सांगायचंय.

सर्व्हो मोडमध्ये, म्हणजे हीटर आपोआप चालतो तेव्हा, आपण ३६.५ सेट करतो, प्रोब त्वचेचं तापमान वॉर्मरला कळवतो आणि वॉर्मर हीटर कमी-जास्त करून त्वचा ३६.५ ला राखतो. मग चार्टवर शिफ्टभर ३६.५, ३६.५, ३६.५ अशी ओळ लागते आणि नव्या सिस्टरला वाटतं बाळ छान आहे. ते तापमान मशीनने राखलेलं असतं. फ्रिजमध्ये गारवा कायम आहे एवढ्यावरून कॉम्प्रेसर किती राबतोय हे कळत नाही, तसंच हे आहे. बाळाची खबर स्क्रीनच्या दुसऱ्या कोपऱ्यात, हीटरच्या टक्क्यांत असते. बाळ उष्णता गमावत असेल तर हीटर ८०-९० टक्क्यांवर चढतो. बाळाला ताप येत असेल तर हीटर शून्याकडे उतरतो. दोन्ही वेळा प्रोबचा आकडा जवळजवळ तोच राहू शकतो.

दिवाळीनंतर आम्ही चार्टवर हीटरचा एक रकाना वाढवला. एका रात्री एका बाळाचा हीटर हळूहळू चढत गेला. खोली तीच, प्रोब नीट चिकटलेला, एसीचा झोत बाजूला. काखेत ३६.४ आणि पाय गार. डॉक्टरांना उठवलं, ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी) गेलं, अँटिबायोटिक सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सीआरपी, म्हणजे संसर्गाची खूण देणारी रक्ततपासणी, वाढलेली आली. अपुऱ्या दिवसांच्या बाळात जंतुसंसर्ग बऱ्याचदा तापाने येत नाही, गारठण्याने येतो. प्रोबच्या आकड्यावर विसंबलो असतो तर सकाळपर्यंत काही कळलं नसतं. म्हणून वॉर्मर घेताना हीटरचे टक्के स्क्रीनवर ठळक दिसतात का, हे मी किमतीच्याही आधी बघायला सांगेन. काही मॉडेलमध्ये नुसते बारीक दिवे असतात आणि रात्रीच्या शिफ्टला ते उपयोगाचे नाहीत.

प्रोब लावण्याच्या जागेवरून आमच्याकडे बरीच चर्चा झाली. बाळ उताणं असेल तर पोटावर उजवीकडे, यकृताच्या भागात. हाडावर नको आणि तपकिरी चरबी आहे तिथे, म्हणजे काखेत किंवा फऱ्यांमध्येही नको. पालथं केलं की प्रोबची जागा बदलायची, नाहीतर बाळ प्रोबवर झोपतं. तिथली त्वचा दबून गरम राहते, वॉर्मरला वाटतं सगळं ठीक आहे, हीटर उतरतो आणि बाळ गार पडतं. प्रोब सुटला तर उलट घडतं: तो हवेचं तापमान वाचतो, हीटर जोरात चालू राहतो आणि बाळ भाजण्याचा धोका असतो. वरून चकचकीत फॉइलचा गोल चिकटवायलाच हवा, कारण हीटरची उष्णता थेट प्रोबवर पडली की आकडा फसवा येतो. फॉइल संपले म्हणून नुसती मायक्रोपोर लावणं मला मान्य नाही. २८ आठवड्यांच्या बाळाची त्वचा पट्टी ओढताना सोलून निघते, म्हणून खाली हायड्रोकोलॉइडचा (त्वचा जपणाऱ्या मऊ पट्टीचा) पातळ तुकडा लावावा. आमच्या एका वॉर्मरच्या प्रोबची वायर मुळाशी सारखी तुटायची. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण जादा प्रोब कपाटात ठेवल्याशिवाय वॉर्मर सुरू करू नये, हे त्यातून पक्कं झालं.

थर्मल गन कोविडच्या काळात २०२० मध्ये सगळीकडे आली आणि घरात राहिली. तिच्यातून किरण निघून बाळाच्या मेंदूला त्रास होतो, असं काही नातेवाईक विचारतात. तसं काही नाही, ती कपाळातून येणारी उष्णता फक्त वाचते. माझी तक्रार वेगळी आहे. वॉर्मरखाली बाळाच्या कपाळावर वरून हीटर तापत असतो, मग गन हीटरची करणी वाचते. ओलं जावळ, घाम, इनक्युबेटरमधली दमट हवा, यातलं काहीही आकडा हलवतं. एकाच बाळाच्या दोन लागोपाठ वाचनांत अर्ध्या अंशाचा फरक मी पाहिलाय. ओपीडीत आलेल्या मोठ्या मुलाला ताप आहे का हे चटकन बघायला ती ठीक आहे.

हाताचं महत्त्व या महिन्यांत कमी झालं नाही, वाढलं. हाताच्या मागच्या बाजूने पोट आणि तळपाय बघायचे. दोन्ही ऊबदार असतील तर बाळ बरं आहे. पोट ऊबदार आणि पाय गार असतील तर गारठायला सुरुवात झालीय. दोन्ही गार म्हणजे लगेच हालचाल करायची वेळ. दुसरा प्रोब तळपायाला लावता आला तर पोट आणि पाय यांतला दोन अंशांहून मोठा फरक हा धोक्याचा इशारा मानतात. गगनबावड्याकडून भर पावसात आलेल्या एका बाळाची आजी म्हणाली, “सिस्टर, पोट तर ऊन लागतंय की लेकराचं.” मी म्हटलं, “आजी, आता पाय धरून बघा.” त्यांनी हात लावला आणि न बोलता पदराने पाय झाकले. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, ओलं दुपटं, डोक्याला टोपडं नाही. त्या पोटाच्या उबेवर घरचे निर्धास्त होते.

हिवाळ्यात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची बाळं येतात. फडाजवळच्या कोपीत (झोपडीत) जन्मलेली, लगेच न्हाऊ घातलेली. पहिली अंघोळ निदान २४ तास लांबवावी हे सांगताना आम्ही रागावत नाही, थर्मामीटर दाखवतो आणि आकडा मोठ्याने वाचतो. तब्येत स्थिर झाली की आईच्या छातीशी, कांगारू पद्धतीने. कोलंबियात बोगोटाला १९७८ मध्ये सुरू झालेली ही पद्धत आता जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास करायला सांगते. आईच्या छातीवर असताना काखेतला आकडा वॉर्मरपेक्षा जास्त एकसारखा राहतो, हा आमचा अनुभव आहे. तेव्हा थर्मामीटर लावताना बाळ उघडं करायची गरज नसते, दुपट्याच्या कडेतून काखेत सरकतो.

गुदद्वारातून तापमान रोज मोजायचं नाही, आतडं दुखावण्याचा धोका असतो. जन्मताना श्वास कोंडलेल्या बाळाला मुद्दाम ३३ ते ३४ अंशांवर ७२ तास ठेवण्याच्या उपचारात मात्र आतला प्रोब लागतोच, तिथे काखेचा आकडा पुरत नाही.

डिस्चार्जच्या वेळी पालक विचारतात, घरी कोणता घ्यायचा. दीड-दोनशे रुपयांचा मऊ टोकाचा डिजिटल घ्या, गनवर पैसे घालू नका. अंश फॅरनहाइटमध्ये असतील तर ९७.७ ते ९९.५ हे लिहून कपाटाला चिकटवा. ३६.५ च्या खाली आलं तर छातीशी घ्या, टोपडं घाला आणि तासाभराने पुन्हा बघा. ३५.५ च्या खाली गेलं, ३७.५ च्या वर राहिलं किंवा बाळ अंगावर प्यायचं थांबलं, तर पुन्हा मोजत बसू नका, रात्र असली तरी १०८ ला फोन करा आणि बाळ छातीशी धरूनच निघा.