अभंगाला सॅक्सोफोनची साथ द्यावी की गायकाने आलाप घ्यावेत?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एखाद्या भजनी मंडळाला एकादशीच्या कार्यक्रमात अभंग नव्या ढंगाने मांडायचे असतील, तर माझ्या मते विचार करण्याजोग्या वाटा दोनच.

पहिली वाट ‘ऑफिशियम’ची. १९९४ साली आलेल्या या ध्वनिमुद्रिकेत हिलियर्ड आन्साम्बलचे चार इंग्लिश गायक जुनी लॅटिन चर्चगीतं गातात आणि नॉर्वेचा यान गारबारेक सॅक्सोफोन वाजवतो. गायक लिहिलेली चाल सोडत नाहीत. गारबारेक मात्र त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. सोळाव्या शतकातल्या मोरालेस या स्पॅनिश रचनाकाराची प्रार्थना तर ऐकाच. चार आवाज संथ पुढे सरकतात आणि सॅक्सोफोन त्यांच्या मधल्या जागा भरतो, त्यांच्यावर चढत नाही.

दुसरी वाट आपल्या घरचीच. भीमसेन जोशींनी ‘संतवाणी’त अभंग रागाच्या अंगाने फुलवला. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी कबीराची निर्गुणी भजनं गाताना फार थोड्या स्वरांत शब्द उभा केला. इथे सुचणं गायकाच्या गळ्यातच असतं, बाहेरचं वाद्य लागत नाही.

तयारीचा, रियाज केलेला गळा मंडळात असेल तर बेलाशक दुसरी वाट धरा. पण तसा गायक नसताना ती धरली की पंधरा टाळकरी हात बांधून बसतात, ताना लांबतात आणि तुकोबांचा शब्द कुठेतरी मागे राहतो. मला ते फार खुपतं. पहिल्या वाटेत सगळं मंडळ गातं, चाल तीच, ध्रुवपद तेच.

अडचण ठेक्याची आहे. त्या मुद्रिकेतल्या बऱ्याच गीतांना तबला-पखवाजासारखा ठोका नाही, आणि ध्वनिमुद्रण ऑस्ट्रियातल्या एका मठात झालं, जिथे सूर बराच वेळ घुमतो. आपल्या पत्र्याच्या मंडपात सूर घुमत नाही आणि भजनी ठेका तर आठ मात्रांत पुन्हा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो. म्हणून सॅक्सोफोनला मोकळं रान द्यायचं ते ठेका सुरू होण्याआधी, श्लोकाला किंवा अभंगाच्या पहिल्या ओळीच्या आलापीत. ठेका धरल्यावर त्याने दोन चरणांच्या मधेच बोलावं. गजराला पूर्ण थांबावं.

पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला सा धरायचा ते, आधीच ठरवा. ऑल्टो सॅक्सोफोनवर काळी दोन सर्वांत सोपी आणि काळी एकही जमते; पांढरी दोन किंवा तीन धरलीत तर वादकाची बोटं अडखळतील.

जुनी मंडळी ‘हे परकं वाद्य कशाला?’ म्हणतील. पेटीही युरोपातूनच आली, आणि याच कर्नाटकातल्या कद्री गोपालनाथ यांनी सॅक्सोफोनवर अख्खं कर्नाटक संगीत, म्हणजे दक्षिणेचं शास्त्रीय संगीत, वाजवून दाखवलं, हे त्यांना आदराने सांगा.

वादक लग्नाच्या बँडमधलाही चालेल, पण पहिल्या दोन तालमींना त्याला नुसतं ऐकायला बसवा. अभंगाचा अर्थ समजावून सांगा, कन्नड भाषक असेल तर कन्नडमधून. कन्नड संतकवी पुरंदरदासांच्या पदांमुळे विठ्ठल त्याच्या ओळखीचाच असेल. वादक नाहीच मिळाला, तर कीबोर्डवरच्या सॅक्सोफोनच्या आवाजावर भागवू नका. त्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, धड निघत नाही. त्यापेक्षा बासरीवाला शोधा.