रक्ताच्या गुठळीवर जुनी गोळी घ्यायची की नवी? नाशिकच्या रुग्णांसाठी एक तुलना

पायात गुठळी झाली, दवाखान्यातून सुट्टी मिळाली आणि डॉक्टरांनी विचारलं, "गोळी जुनी देऊ की नवी? नवीला दर महिन्याला तपासणी लागत नाही, पण महाग पडते." प्रश्न सरळ वाटतो, पण घरी आल्यावर मेडिकलवाला एक सांगतो, शेजारचे काका दुसरंच. मी नाशिकमध्ये पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. या गोळ्यांवरचे रुग्ण रोज समोर येतात, म्हणून जे नीट माहीत आहे ते इथे मांडतो. निर्णय अर्थातच तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा.

जुन्या गोळ्या म्हणजे वॉरफरिन आणि आपल्याकडे जास्त दिली जाणारी अ‍ॅसिनोकुमारोल, जिला बहुतेक घरांत 'अ‍ॅसिट्रॉम' म्हणूनच ओळखतात. वॉरफरिन माणसांसाठी १९५४ पासून वापरात आहे. नव्या म्हणजे डॅबिगाट्रॅन, रिव्हरोक्साबॅन आणि अपिक्साबॅन. जुनी गोळी व्हिटॅमिन के चं काम अडवते, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक यकृतात कमी तयार होतात. हा परिणाम पूर्ण दिसायला पाचेक दिवस जातात, म्हणून सुरुवातीला सोबत इंजेक्शनं लागतात. नव्या गोळ्या एकाच घटकाला थेट अडवतात आणि काही तासांत काम सुरू करतात.

पैसे आणि तपासण्यांचा हिशोब नंतर करू. आधी हे बघा, की तुम्हाला निवड आहे का? हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल तर जुनी गोळीच. अशा रुग्णांवर झालेला डॅबिगाट्रॅनचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त दिसले, म्हणून तो मध्येच थांबवावा लागला. लहानपणच्या संधिवाताच्या तापामुळे झडप आखडलेली असेल आणि ठोके अनियमित असतील तरीही जुनीच. हे मी जोर देऊन सांगतो, कारण असे रुग्ण आपल्या भागात आहेत आणि 'नवी म्हणजे चांगली' या समजुतीने त्यांचंच नुकसान होऊ शकतं. २०२२ मध्ये इन्व्हिक्टस अभ्यासाचे निकाल आले. साडेचार हजारांहून अधिक असेच रुग्ण, त्यात भारतातलेही. रिव्हरोक्साबॅन घेणाऱ्यांपेक्षा जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी होते. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे वारंवार गुठळ्या करणारा तो आजार, त्यात त्याच्या तिन्ही रक्तचाचण्या पॉझिटिव्ह असतील तरी नवी टाळतात. गरोदरपणात या दोन्ही प्रकारच्या गोळ्या सहसा बाजूला ठेवून हेपारिनच्या गटातलं इंजेक्शन देतात. घरात दिवस जाण्याची शक्यता असलेली मुलगी किंवा सून ही औषधं घेत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, तिसऱ्या महिन्यात नको.

यांपैकी काहीच नसेल, म्हणजे पायातली किंवा फुप्फुसातली साधी गुठळी असेल किंवा झडप ठीक असून ठोके अनियमित असतील, तर खरी तुलना सुरू होते. तिथे माझं मत नव्या गोळीकडे झुकतं, त्यातही अपिक्साबॅनकडे. २०११ च्या अ‍ॅरिस्टॉटल अभ्यासात अनियमित ठोक्यांचे १८,२०१ रुग्ण होते. वॉरफरिनच्या तुलनेत अपिक्साबॅनवर पक्षाघात आणि इतरत्र गुठळी जाण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी, तर मोठा रक्तस्राव ३१ टक्क्यांनी कमी होता. पायाच्या आणि फुप्फुसाच्या गुठळीवरच्या २०१३ च्या अभ्यासात मोठा रक्तस्राव जुन्या पद्धतीने १.८ टक्के, अपिक्साबॅनने ०.६ टक्के, आणि गुठळी पुन्हा होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच. तिन्ही नव्या गोळ्या मात्र एकाच मापाने मोजू नका. अनियमित ठोक्यांच्या अभ्यासांत रिव्हरोक्साबॅन आणि डॅबिगाट्रॅनचा मोठा डोस यांनी आतड्यातून रक्त जाण्याचं प्रमाण वॉरफरिनपेक्षा वाढलेलं दिसलं.

आता जुन्या गोळीचा खरा त्रास. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा, जितका जास्त तितकं रक्त उशिरा गोठतं. तो बहुतेकांत २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा असतो आणि तो ताटातल्या भाजीवर हलतो. नाशिक पालेभाज्यांचा जिल्हा. थंडीत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या स्वस्त झाल्या की घरात रोज मेथी, आणि आयएनआर खाली. श्रावण-नवरात्रात उपवास लागले, भाजी-जेवण कमी झालं, की तोच वर. लॅबमध्ये पहिला प्रश्न मी हाच विचारतो, "गेल्या आठवड्यात खाण्यात काय बदललं?" पालेभाजी बंद करायची गरज नाही. दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची. ताप, जुलाब, अँटिबायोटिक, बुरशीवरची गोळी यांनीही आकडा उडतो, म्हणून असं काही झालं की तपासणी लवकर करा.

आणि नळीबद्दल एक. आयएनआरसाठी फिकट निळ्या झाकणाची नळी असते. तिच्यात ०.३ मिली सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव, असतं आणि खुणेपर्यंत २.७ मिली रक्त लागतं. शीर सापडली नाही आणि अर्धीच नळी भरली, तर सायट्रेट जास्त पडतं आणि आयएनआर खोटाच वाढलेला येतो. मग डॉक्टर डोस कमी करणार आणि गुठळी वाढायला वाव मिळणार. म्हणून आम्ही "परत टोचतो" म्हटलं तर रागावू नका, आणि नळी खुणेपर्यंत भरली का ते स्वतः बघा.

सुरगाणा, पेठकडच्या रुग्णाला या तपासणीसाठी पहाटे एसटी पकडावी लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. जुनी गोळी स्वस्त असते खरी, पण तपासणी, भाडं, मजुरी धरली की बहुतेकांचा हिशोब पालटतो. नव्या गोळ्यांच्या जेनेरिकही आता मिळतात. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "जेनेरिक लिहून देता का?" उलट, लॅब जवळ आहे, आयएनआर वर्षभर स्थिर आहे आणि पैशांची ओढाताण आहे, तर जुनी गोळी बदलायची घाई नको.

नवीच्या बाजूने वेगळी शिस्त लागते. एखादा डोस चुकला की जुन्या गोळीचा थोडा तरी परिणाम रेंगाळतो, नवीचा दिवसभरात उतरतो. रिव्हरोक्साबॅनची १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. निर्जळी करणाऱ्यांनी हे आधीच बोलून घ्यावं. अपिक्साबॅनला जेवणाची अट नाही, पण ती दिवसातून दोनदा. डॅबिगाट्रॅनची कॅप्सूल उघडायची नाही आणि दुसऱ्या डबीत काढून ठेवायची नाही. मूत्रपिंड थकलेलं असेल तर तीच सगळ्यात अडचणीची, कारण जवळपास ८० टक्के औषध तिथूनच बाहेर जातं. अपिक्साबॅनचं सुमारे २७ टक्के. नवी गोळी असली तरी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि हिमोग्लोबिन वर्षातून एकदोनदा तपासायचंच. मात्र नव्या गोळीवर असताना सवयीने आयएनआर करून घेऊ नका, त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

दोन्हींत सारखं काय? गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेणं दोन्हींत धोक्याचं. टीबीची रिफॅम्पिसिन दोन्हींचा परिणाम उतरवते. दात काढल्यावर रक्त थांबत नव्हतं, पाळीत खूप रक्त जातं, मामाला हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आहे, असं काही असेल तर गोळी सुरू होण्याआधी सांगायचं. द्राक्षाच्या छाटणीत कात्री बोटाला लागली तर दहा मिनिटं घट्ट दाबून धरा. गाडीवरून पडून डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा. काळी शी झाली तरी तसंच.

किती महिने घ्यायची, हे गुठळी कशामुळे झाली त्यावर आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर किंवा प्लास्टरमुळे झालेली असेल तर बहुधा तीन महिने पुरतात. काहीच कारण सापडलं नाही किंवा कर्करोग असेल तर मुदत लांबते. हे सुट्टी मिळतानाच विचारून कागदावर लिहून घ्या.

जुनीवरून नवीवर जाताना दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायच्या नसतात. जुनी बंद करायची, आयएनआर खाली येऊ द्यायचा, अपिक्साबॅन किंवा डॅबिगाट्रॅनसाठी २ च्या खाली, रिव्हरोक्साबॅनसाठी ३ च्या खाली, मगच नवी. आणि घरातल्या डब्यात उरलेली जुनी पाकिटं त्याच दिवशी बाहेर काढा.