आयॉनिक लिक्विड की बोरॉन नायट्राइड: वंगणाला कुठलं?
दोन्ही वंगण म्हणून चालतात, पण जात वेगळी. आयॉनिक लिक्विड म्हणजे मीठच, फक्त १०० अंशांच्या आत वितळणारं, रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेनने १९१४ मध्ये दाखवलेलं तर १२ अंशांनाच पातळ. वाफ जवळपास होतच नाही म्हणून व्हॅक्यूममध्ये भारी. पण फ्लोरिनवालं, म्हणजे पीएफसिक्स (फॉस्फरस-फ्लोरिनचा आयन) वगैरे असलेलं घेतलं आणि त्याला ओल लागली की हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड सुटतं, स्टील खातं, वर किंमत बघूनच घाम फुटतो. हेक्सागोनल, म्हणजे षटकोनी रचनेचं, बोरॉन नायट्राइड ही पांढरी पावडर, ग्राफाइटसारखे घसरणारे थर, पण करंट अडवते आणि उष्णता मात्र मस्त पुढे नेते. हवेत ९०० अंशांपर्यंत निवांत टिकते, तिथे ते लिक्विड कधीच खलास झालेलं असतं. भट्टी, साचे असतील तर सरळ पावडरच घ्या.