हिंग एक नंबर, पण भाव काबूलहून येतो (धुळे, पाचकंदीलजवळचं दुकान)

धुळ्यात पाचकंदीलच्या आतल्या गल्लीत हिंग आणि सुक्यामेव्याचं एक जुनं दुकान आहे, बोर्डावरची अक्षरं कधीच उडालीत त्यामुळे नाव विचारू नका, वास आला की थांबायचं. मी थाळनेरकडचा, दरवर्षी पापड-लोणच्याच्या आधी आई लिस्ट देते आणि मी शिरपूरच्या एसटीने जाऊन येतो, असं चौदा-पंधरा वर्षं चाललंय.

आधी मालाबद्दल. पाकिटातली पावडर म्हणजे बहुतेक मैदा आणि डिंक, त्यात हिंग नावाला. इथे शेठ पत्र्याच्या डब्यातून खडा काढतो, डबा उघडला की दोन मिनिटं डोळे चुरचुरतात. मी पहिल्यांदा घासाघीस केली तेव्हा त्याने बोलणं थांबवून एक कण काडीवर धरला, तो कापरासारखा पेटला, दुसरा पाण्यात टाकला तर पाणी दुधासारखं पांढरं झालं. मग म्हणे आता बोल. काय बोलणार. उडदाच्या पापडाला चिमूट पुरते, डाळीच्या फोडणीला तर कण. मालाला पाचपैकी पाच.

भावाला तीनच, आणि ते का ते सांगतो, थोडं लांबण आहे.

हिंग म्हणजे झाडाच्या मुळाला चिरा देऊन निघणारा चीक, आणि आपण खातो तो जवळपास सगळा अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. आपल्याकडे लागवड सुरू झाली ती २०२० च्या ऑक्टोबरात, हिमाचलच्या लाहौलमध्ये, आणि त्या झाडाला तयार व्हायलाच पाच वर्षं लागतात. म्हणजे आमच्या आईचं लोणचं काबूलच्या गादीवर कोण बसलंय त्यावर अवलंबून. १५ ऑगस्ट २०२१, रविवार, आपल्याकडे झेंडावंदन आणि तिकडे तालिबान काबुलात. दोन-तीन दिवसांत पाकिस्तानमार्गे येणारे ट्रक बंद. राखीला गेलो तर हजाराच्या आतला अंजीर बाराशेला! मी म्हटलं शेठ, हा माल तर महिन्याभरापूर्वीचा, जुनाच डबा आहे हा. तर शांतपणे म्हणतो, "भाऊ, तठे सरकार बदलनं का आठे भाव बदलस." नंतर कळलं की बातम्या बघून शेठने जुलैतच दिल्लीच्या खारी बावलीतून, म्हणजे तिथल्या मसाला-सुक्यामेव्याच्या घाऊक बाजारातून, जास्तीचा माल उचलून ठेवला होता. हे मला पटलं नाही, तोंडावर सांगितलं, तो हसला.

बरं ट्रक पुढे सुरू झाले, भाव काही खाली आला नाही. याचं कारण मात्र शेठने नीट सांगितलं. अफगाण सरकारी बँकेचे जवळजवळ ७ अब्ज डॉलर अमेरिकेत अडकवून ठेवले, तिथल्या बँका ठप्प, मग इथल्या व्यापाऱ्याने पैसे पाठवायचे कसे? मधल्या हातांतून फिरवून. प्रत्येक हात आपला वाटा कापणार, आणि ज्याने डोंगरात चिरा दिल्या त्याच्या हातात काय पडत असेल देव जाणे. २००१ ला अमेरिका आली तालिबानला हाकलायला, २० वर्षांनी गेली तेव्हा तेच तालिबान खुर्चीवर. त्याच्याही आधी १९७९ च्या डिसेंबरात रशियन आले, त्यांनी तर बसलेला राष्ट्राध्यक्षच मारून दुसरा बसवला, आणि फेब्रुवारी १९८९ ला चालते झाले. शेठच्या वडिलांच्या वेळेपासून गिऱ्हाईक हेच ऐकतंय, "यंदा तिकडे गडबड आहे."

आम्हा थाळनेरवाल्यांना हे नवीन नाही म्हणा. जानेवारी १८१८ ला होळकरांनी मंदसोरला सही करून खान्देशातला मुलूख इंग्रजांना दिला, आमच्या किल्लेदाराने ऐकलं नाही, फेब्रुवारीत इंग्रज फौज आली, आतली माणसं कापली आणि किल्लेदाराला फासावर दिलं. कागदावर राज्य बदललं, पण पुढे कित्येक वर्षं भिल्लांशी चकमकी काही थांबल्या नाहीत, शेवटी १८२५ ला इंग्रजांनी भिल्लांचीच पलटण उभारून त्यांना पगारावर घेतलं. धूर्त होते लेकाचे. २००३ ला इराकमध्ये अमेरिकेने कारभारी म्हणून बसवलेल्या ब्रेमर साहेबाने उलटं केलं, मे महिन्यात एका हुकुमात अख्खी फौज बरखास्त, लाखो माणसं बंदुकीची सवय घेऊन बिनपगारी घरी. त्यातले काही अधिकारी पुढे इसिसमध्ये निघाले. शेठला हे सांगितलं तर म्हणे गोदामाचा हमाल काढायचा तरी आम्ही महिन्याचा पगार देतो.

बाकी, पिस्ता इराणचा आहे, चांगला असतो पण महाग, मी घेत नाही. काळा मनुका ठीक. सुट्टे पैसे नसतात, यूपीआय चालतं. दुपारी दोन ते चार शटर अर्धं असतं, वाकून आवाज दिला तर देतो. हिंग घ्याल तर घरून काचेची बरणी न्या आणि घट्ट झाकणाची न्या, कारण मी यंदा कागदात बांधून घेतला आणि नरडाण्यापर्यंत अख्खी एसटी माझ्याकडे बघत होती, कंडक्टरने तर तिकीट देताना नाकाला रुमाल लावला.