फ्लॅग की जीपीएस टॅग? खाडीतल्या दोन हिवाळ्यांचा हिशेब

पाणपक्ष्यांच्या स्थलांतरावर प्रबंध करायचा ठरला की हा प्रश्न पुढ्यात येतोच. माझ्याही आला होता. टॅग म्हणजे पक्ष्याच्या अंगावर बसवलेलं, त्याचा ठावठिकाणा दुरून कळवणारं छोटं यंत्र; कडी म्हणजे पायातलं नंबर कोरलेलं धातूचं वळं; आणि फ्लॅग म्हणजे पायावरची, अक्षरं लिहिलेली रंगीत पट्टी. ठाणे खाडीत एक हिवाळा मी टॅगच्या कामात हरकाम्या म्हणून काढला, दुसरा कडी आणि रंगीत फ्लॅगच्या. त्यामुळे खाली जे आहे ते मोजमाप नव्हे, चिखलातला अनुभव आहे.

परवानग्यांचा काथ्याकूट दोन्हीकडे आहेच. पैशांचं सांगायला नको.

आधी पक्षी ठरवा, मग साधन. टॅग पक्ष्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांच्या आत असावा, असा संकेत आहे. २५ ग्रॅमच्या लिटिल स्टिंट या चिमुकल्या पाणपक्ष्याच्या वाट्याला म्हणजे पाऊण ग्रॅम येतो. तेवढ्यात सौर पॅनेल, बॅटरी आणि सिमकार्ड कोंबता येत नाही, तेव्हा तिथे विषय संपला. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, असेल तर प्रश्नच नाही. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) ठाणे खाडीतल्या सहा रोहितांना टॅग लावले. त्यातला हुमायून गुजरातेत जाऊन पुन्हा मुंबईकडे परतल्याचं घरबसल्या दिसलं. आणि वाट कळायची तर टॅगला तोड नाही, हे कबूल. २००७ मध्ये ‘ई७’ ही गॉडविट जातीची पक्षीण अलास्काहून न्यूझीलंडला आठेक दिवसांत, कुठेही न उतरता पोहोचली. शंभर पक्ष्यांना कड्या घालूनही ‘कुठेही न उतरता’ हे कोणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं.

मग मी टॅग का सोडला? शेवटच्या ठिपक्यामुळे.

आमचा एक पक्षी फेब्रुवारीत गप्प झाला. नकाशावर शेवटचा ठिपका खारफुटीच्या कडेला, आणि मग काहीच नाही. मेला? टॅग गळून पडला? पॅनेलवर पिसं आली, चिखल बसला, की नुसतीच रेंज नाही? रोज सकाळी दात घासायच्या आधी लॅपटॉप उघडायचा आणि तोच ठिपका बघायचा. शेवटी ओहोटी साधून मी आणि एक मित्र तिथवर गेलो. मांडीपर्यंत रुतलो, एक चप्पल खाडीला अर्पण केली, हाती एक पीसही लागलं नाही. त्या पक्ष्याचं काय झालं ते आजही माहीत नाही. एकूण पाचच टॅग होते. एक गेला म्हणजे पाचवा हिस्सा अभ्यास गेला. कुणी म्हणेल, फ्लॅगवाला पक्षीही गप्पच असतो. खरंय. पण तो बोलेल अशी आशा लावून कुणी आपल्याला बसवलेलं नसतं, आणि असे पक्षी पाचाऐवजी शंभर-दोनशे असतात.

फ्लॅगची डोकेदुखी वेगळी. ‘ई’ आहे की ‘एफ’, यावरून स्कोपमागे (तिवईवरच्या दुर्बिणीमागे) भांडणं होतात, आणि नेमका तोच पाय पक्षी पोटाशी घेऊन उभा राहतो. भरतीच्या आधीचे दीड-दोन तास गाठा; पाणी चढतं तसे पक्षी बांधाकडे सरकतात आणि अक्षरं वाचता येतात. नुसत्या धातूच्या कडीवर मात्र विसंबू नका. तिच्यावरचा बारीक नंबर वाचायला बहुधा तोच पक्षी पुन्हा जाळ्यात यावा लागतो, आणि ते नशिबाचं काम आहे.

टिकाऊपणाचं म्हणाल तर पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरच्या अभयारण्यातली विस्डम ही अल्बट्रॉस जातीची समुद्रपक्षीण आठवा. तिला पहिली कडी १९५६ मध्ये घातली. मधे कड्या बदलाव्या लागल्या, पण ओळख तुटली नाही, आणि २०२४ मध्येही ती अंड्यावर दिसली. एवढी वर्षं पुरेल अशी बॅटरी मला तरी ठाऊक नाही.

तुमचा प्रश्न ‘कुठल्या वाटेनं जातो’ असा असेल, पक्षी मोठा असेल आणि पाठीशी संस्था असेल तर टॅगच घ्या, मी आडवा येणार नाही. पण प्रश्न ‘परत येतो का, किती वर्षं येतो’ असा असेल तर निदान पहिला हिवाळा फ्लॅगवर काढून बघा. आमच्या एका रेडशँकला जानेवारीत फ्लॅग लावला होता. सप्टेंबरात त्याच बांधाच्या त्याच कोपऱ्यात तो दिसला: एका पायावर उभा, फ्लॅगवाला पाय पोटाशी. चाळीस मिनिटं थांबलो, तेव्हा कुठे त्याने तो खाली टेकवला.