हॅम बँडवरचा अनोळखी सिग्नल : पोर्टेबल रेडिओ, दूरस्थ रिसीव्हर, डोंगल की ट्रान्सिव्हर?

ठाणे किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या एखाद्या हॅमला, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालकाला, अथवा परवान्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या श्रोत्याला, आपल्या बँडवर मोर्स नाही, बोलणे नाही, ओळखीचा डिजिटल मोडही नाही असा काही आवाज वारंवार ऐकू येत असेल आणि त्याचा छडा लावण्यासाठी नेमके काय वापरावे हे ठरत नसेल, तर हा आढावा त्याच्यासाठी आहे. मार्ग चार आहेत : बॅटरीवर चालणारा, एसएसबी (हॅम बोलण्यासाठी वापरतात ती अरुंद पद्धत) ऐकवणारा पोर्टेबल रेडिओ, इंटरनेटवरून चालवता येणारे दूरस्थ रिसीव्हर, संगणकाला जोडायचे आरटीएल-एसडीआर डोंगल (स्वस्त यूएसबी रिसीव्हर) आणि वॉटरफॉल, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार सिग्नलचे सरकते चित्र, दाखवणारा ट्रान्सिव्हर (ऐकणारा आणि पाठवणारा रेडिओ). माझे मत आधीच सांगून टाकतो. पैसे खर्च करायचे असतील तर पहिला खर्च पोर्टेबलवर करावा, दूरस्थ रिसीव्हर फुकट असल्यामुळे ते आजच वापरायला घ्यावेत, डोंगल त्यानंतर पाहावे आणि निव्वळ या कामासाठी ट्रान्सिव्हर मुळीच घेऊ नये. सिग्नल कोणत्या देशातून येतो हा प्रश्न आपल्यासारख्या दाट वस्तीत बराच नंतरचा. तो आपल्याच इमारतीत तर तयार होत नाही ना, हे आधी पाहावे लागते.

त्याहीआधी बँडचे वाटप पाहून घ्यावे, म्हणजे निम्मी शंका खर्च न करता मिटते. ४० मीटर बँडवर (बँडची नावे लहरीच्या लांबीवरून पडली आहेत) आपल्याकडे हौशी सेवेला ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आहे. त्याच्या वर प्रसारण केंद्रांचा हक्क आहे, त्यामुळे ७.२०५ वर कुणाचा कार्यक्रम लागला तर तक्रारीला जागा नाही. अमेरिकेतील हॅम ७.३०० पर्यंत जातात म्हणून त्यांच्याकडचा तक्ता पाहून अनेकांची गल्लत होते. ३० मीटरवर, म्हणजे १०.१०० ते १०.१५० मध्ये, हौशी सेवा दुय्यम आहे आणि तिथला टेलिटाइप (सुरांतून मजकूर पाठवणारे केंद्र) बहुधा हक्काचा मालक असतो. ८० मीटरचा पट्टाही आपल्या विभागात इतर सेवांशी वाटून घेतलेला आहे. याउलट ७.१४० आणि ७.१८० च्या आसपास वर्षानुवर्षे नोंदवले गेलेले एरिट्रियाचे प्रसारण, आणि ते बुजवण्यासाठी त्यावर सोडलेला इथिओपियाचा खरखराट, हे खरे घुसखोर होत. कारण २९ मार्च २००९ पासून प्रसारण केंद्रांनी ७.१०० ते ७.२०० हा पट्टा जगभर मोकळा करणे अपेक्षित होते.

आता पोर्टेबलविषयी. टेकसनसारख्या कंपनीचा एसएसबी असलेला छोटा रेडिओ काही हजार रुपयांत मिळतो आणि त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो भिंतीतल्या वायरिंगशी जोडलेला नसतो. घरातील मुख्य एमसीबी खाली करावा, इन्व्हर्टरही बंद करावा आणि त्या फ्रिक्वेन्सीवर रेडिओ लावून ऐकावे. आवाज गेला तर एकेक सर्किट चालू करत दोषी वस्तू पाच मिनिटांत सापडते : बहुतेक वेळा राउटरचा अडॅप्टर, फॉल्स सीलिंगमधील एलईडी पट्टीचा ड्रायव्हर किंवा मोबाईलचा स्वस्त चार्जर. आवाज राहिला तर रेडिओ हातात घेऊन, अँटेना आखूड करून, जिन्याने खाली उतरावे. लिफ्टच्या मशिनरूमजवळ की तळमजल्यावरच्या मीटररूमजवळ, कुठे तो वाढतो, हे अँटेना जितकी आखूड तितके स्पष्ट कळते, कारण लांब अँटेनाने रेडिओचा स्वयंचलित गेन (आवाज सारखा राखणारे आपोआपचे वर्धन) सगळीकडे सारखाच आवाज देत राहतो. ही युक्ती पन्नास हजारांच्या उपकरणाला जमत नाही, कारण ते जिन्यात नेता येत नाही.

रेडिओ घेऊन बाहेर पडले तरी उपयोग होतो. येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या डोंगराकडे, वस्तीपासून थोडे दूर जाऊन तोच सिग्नल तेवढ्याच जोराने मिळाला तर तो आकाशातून येतो आहे असे समजायला हरकत नाही. कळव्याच्या बाजूला उच्चदाबाच्या तारांखाली गेल्यास वेगळाच धडा मिळतो : इन्सुलेटरवरील ठिणगीचा आवाज कोरड्या, धुळीच्या दिवसांत असतो आणि चांगल्या पावसाने इन्सुलेटर धुतले की कमी होतो, तर कोरोनाचा, म्हणजे तारांभोवतीच्या हवेत होणाऱ्या विद्युतगळतीचा, फुसफुसाट दमट हवेत वाढतो. दोन्हींचा आवाज विजेच्या ५० हर्ट्झशी, बहुधा त्याच्या दुपटीशी, म्हणजे १०० हर्ट्झशी बांधलेला असतो आणि तो फार रुंद पट्ट्यावर पसरतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्याचा खास पाहुणा १० मीटर बँडवर येतो. प्लास्टिकचे शिवण जोडणारी आरएफ (रेडिओलहरींनी तापवणारी) वेल्डिंग यंत्रे २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतात आणि उद्योगांसाठी राखलेल्या त्या पट्ट्याची सीमा दोन्ही बाजूंना जेमतेम १६३ किलोहर्ट्झ आहे. जुन्या यंत्रांचा ऑसिलेटर तापला किंवा त्याच्यावरचा भार बदलला की फ्रिक्वेन्सी सरकते आणि कधी कधी २८ मेगाहर्ट्झच्याही वर जाते. यंत्राची प्रेस खाली आली की दोन-तीन सेकंदांचा, सरकत जाणारा, गुरगुरता सूर. मग माल बदलेपर्यंत शांतता. मग पुन्हा तोच सूर. रबाळे किंवा महापेच्या बाजूला रेडिओ घेऊन गेल्यावर तो वाढला आणि कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीला गप्प राहिला तर उत्तर मिळाले. वॉटरफॉलवर हाच सूर इतका गूढ दिसतो की नवशिक्याला गुप्तहेरांची आठवण व्हावी.

पोर्टेबलची मर्यादाही तितकीच मोठी आहे. त्याला चित्र दाखवता येत नाही, आणि दूरच्या सिग्नलचा देश तर त्यावरून मुळीच कळत नाही. तिथे दूरस्थ रिसीव्हर कामाला येतात. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर २९ मेगाहर्ट्झच्या थोडा वरपर्यंत ऐकवतो. किवी-एसडीआर या जातीचे शेकडो रिसीव्हर जगभरच्या हौशींनी खुले ठेवले आहेत आणि ते शून्यापासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत जातात. वापरण्याची रीत सोपी आहे, पण निष्कर्ष काढताना एक पथ्य पाळावे लागते. तुमच्या घरी ऐकू येणारा सिग्नल, त्याच ठोक्यासह (नियमित स्पंदासह) आणि त्याच फ्रिक्वेन्सीसह, एखाद्या दुसऱ्या देशातील रिसीव्हरवरही मिळाला तर तो स्थानिक नाही हे सिद्ध झाले. मिळाला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या क्षणी तिथपर्यंत लहर पोचत नसेल. दुपारी ४० मीटरवर ठाण्यात जे ऐकू येते ते साधारण काही शे किलोमीटरच्या आतले असते, आणि युरोपातला रिसीव्हर त्याबद्दल साक्ष देऊच शकत नाही.

हाच धागा धरून अनेक जण सूर्यास्ताची कसोटी लावतात : संध्याकाळी बँड उघडला, म्हणजे दूरच्या लहरी पोचू लागल्या, की जो सिग्नल बदलतो तो दूरचा. कसोटी बरी आहे, पण घोडबंदर रोडवरच्या ज्या सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर पॅनेल आहेत तिथे ती फसवते, कारण सोलर इन्व्हर्टरचा नॉईजही सूर्य मावळताच जातो. म्हणून बदल कोणत्या दिशेने झाला ते पाहावे. ४० मीटरवर दूरचा सिग्नल अंधार पडताना वाढतो आणि हळूहळू वरखाली होत राहतो; सोलरचा नॉईज अंधारात नाहीसा होतो.

दूरच्या घुसखोरांत सर्वांत जास्त उपद्रव क्षितिजापलीकडे पाहणाऱ्या रडारांचा. १९७६ ते १९८९ या काळात सोव्हिएत संघाच्या दुगा रडारने सेकंदाला दहा ठोके मारत साऱ्या शॉर्टवेव्हला वेठीस धरले होते. आजचे रशियन कोंतेनेर रडार मोर्दोव्हियात आहे, १ डिसेंबर २०१९ रोजी ते अधिकृतपणे सेवेत घेतले गेले आणि त्याचा सिग्नल सुमारे १२ ते १४ किलोहर्ट्झ रुंद असतो. एसएसबीवरील चार-पाच संभाषणे त्याखाली गाडली जातात. त्याची फ्रिक्वेन्सी सेकंदाला ५० वेळा सरकते, त्यामुळे एएम मोडवर तो ५० हर्ट्झच्या गुणगुणीसारखा ऐकू येतो आणि आपल्याकडचा माणूस साहजिकच महावितरणवर संशय घेतो. फरक असा की वीजजन्य नॉईजला अशा स्वच्छ कडा नसतात. रडारचा पट्टा वॉटरफॉलवर दोन्ही बाजूंनी कापल्यासारखा सरळ दिसतो, तो अचानक सुरू होतो आणि अचानक थांबून दुसरीकडे उडी मारतो. ध्वनिमुद्रण करून ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये लहर ताणून पाहिली तर दोन ठोक्यांमधले अंतर २० मिलिसेकंद भरते. हे मोजमाप फुकट होते आणि ओळख पटवण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. कारण नुसती चित्रे जुळवून, अगदी सिग्नल आयडेंटिफिकेशन विकीसारखा उत्तम संग्रह समोर असला तरी, दोन वेगळे सिग्नल सहज एकच वाटतात.

सगळेच दूरचे पाहुणे इतके आडदांड नसतात. ७.०३९ मेगाहर्ट्झच्या आजूबाजूला, एकमेकांपासून १०० हर्ट्झच्या अंतरावर, मोर्समधले एकच अक्षर सतत पाठवणारी रशियन नौदलाची केंद्रे बसलेली आहेत : डी सेव्हास्तोपोलचे, पी कालिनिनग्राडचे, एफ व्लादिवोस्तोकचे, के कामचात्काचे. इथे देश शोधण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, अक्षर ऐकता आले की पुरे. क्षणभरात खालून वर सर्रकन निघून जाणारा सूर बहुधा आयनांबर (शॉर्टवेव्ह परतवणारा वातावरणाचा वरचा थर) मोजणाऱ्या साउंडरचा असतो. तो सेकंदाला १०० किलोहर्ट्झ वेगाने सगळ्या शॉर्टवेव्हवरून फिरतो आणि कुणाच्या वाटेत थांबत नाही.

किवी-एसडीआरचे खरे वैशिष्ट्य म्हणजे वेळेच्या फरकावरून स्थान काढण्याची सोय. प्रत्येक रिसीव्हर जीपीएसच्या घड्याळाने नमुन्यांवर वेळेचा शिक्का मारतो. रेडिओलहर एका मिलिसेकंदात ३०० किलोमीटर जाते, म्हणून तोच सिग्नल निरनिराळ्या रिसीव्हरवर किती मागेपुढे पोचला यावरून नकाशावर ठिपका उमटतो. या ठिपक्यावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. रिसीव्हर उगमाच्या सर्व बाजूंना असतील तर उत्तर नीट येते. युरोपात भरपूर आणि आपल्या भागात मोजकेच रिसीव्हर असल्यामुळे, हिंदी महासागराकडच्या उगमासाठी फक्त युरोपातले रिसीव्हर निवडले तर ठिपक्याऐवजी हजारो किलोमीटर लांबीचा पट्टाच हाती येतो. लहर आयनांबरावर एकदा आदळून आली की दोनदा, याचीही चूक त्यात मिसळते. युरोप, पश्चिम आशिया आणि पूर्व आशिया यांतून एकेक तरी रिसीव्हर घ्यावा, आणि उत्तर देशापुरतेच खरे मानावे.

डोंगलची बाजू आता थोडक्यात. ३० मेगाहर्ट्झच्या वर त्याला पर्याय नाही. आपला ७० सेंटिमीटरचा पट्टा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ आहे आणि त्याच्या अगदी खाली, ४३३.९२ वर, रिमोट, डोअरबेल आणि गाड्यांच्या किल्ल्यांची गर्दी असते. ती वेगळी काढायला डोंगलचे सव्वादोन-अडीच मेगाहर्ट्झ एकाच वेळी दाखवणारे चित्र फार सोयीचे पडते. शॉर्टवेव्हवर मात्र स्वस्त डोंगल स्वतःच गूढ सिग्नल तयार करते. थेट नमुने घेण्याच्या पद्धतीत त्याचा नमुना-वेग २८.८ मेगाहर्ट्झ असतो, त्यामुळे १४.४ च्या वरचे सगळे काही आरशातल्यासारखे उलटून खाली पडते. १३ मीटर प्रसारण पट्ट्यातील २१.६५० वरचे केंद्र त्यामुळे ७.१५० वर दिसते, म्हणजे नेमके आपल्या ४० मीटर बँडच्या आत! शिवाय मालाडच्या आकाशवाणी प्रक्षेपकांचा मध्यमलहरी सिग्नल ठाण्यापर्यंत इतका जोरदार असतो की आठ बिटांचे हे उपकरण गुदमरते आणि भलत्याच ठिकाणी भुते उठतात. गेन कमी केल्यावर सिग्नल प्रमाणाबाहेर घटला किंवा गेलाच, तर तो भूत होता. डोंगल घेणारच असाल तर सोबत मध्यमलहरी अडवणारा फिल्टर घ्यावा, किंवा शॉर्टवेव्हसाठी अंगभूत अपकन्व्हर्टर (फ्रिक्वेन्सी वर सरकवणारा भाग) असलेली नवी आवृत्ती घ्यावी.

ट्रान्सिव्हर आधीच घरात असेल तर त्याचे स्थिर रीडिंग आणि अरुंद फिल्टर उत्तमच. गच्चीवर फिरवता येणारी यागी (एकाच दिशेने ऐकणारी अँटेना) असेल तर दिशाही मिळते, पण ती परवानगी ज्यांना सोसायटीने दिली आहे असे भाग्यवान थोडे. खिडकीच्या ग्रिलबाहेर काढलेल्या तारेवर महागडा ट्रान्सिव्हर आणि साधा पोर्टेबल यांच्यात, या कामापुरता, फरक फार उरत नाही.

वाशी, कोपरखैरणे किंवा नौपाड्यासारख्या दाट भागात राहणाऱ्याने पोर्टेबल आणि दूरस्थ रिसीव्हर यांवर थांबावे. उरणच्या बाजूला किंवा डोंगराकडेला शांत जागा असणाऱ्याला फिल्टरसह डोंगल खरोखर फळते, आणि दोन मीटर किंवा ७० सेंटिमीटरवरच रस असणाऱ्याने तर सुरुवातच डोंगलने करावी.

ओळख पटल्यावर नोंद कुठे करायची, तेही उपकरण निवडताना लक्षात असू द्यावे. खरा घुसखोर असेल तर ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडियामार्फत, आयएआरयू या हॅम संघटनांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या देखरेख यंत्रणेच्या पद्धतीने कळवता येते. त्या नोंदीत फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये, वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून, सिग्नलची रुंदी, ठोक्यांचा वेग आणि शक्य असल्यास ध्वनिमुद्रण असावे. संदेशाचा मजकूर उलगडून तो इतरांना सांगत बसणे हे आपले काम नव्हे आणि आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांचे कलम १७ त्याला आडवे येते. उगम इमारतीतच निघाला तर सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जाताना पोर्टेबल सोबत न्यावा आणि दोषी अडॅप्टर चालू-बंद करून त्यांनाच ऐकवावे.