कार्ड चिपचे होते, पण माझे नव्हते

भाचीच्या रुखवतासाठी पितळेचे घंगाळ आणि समयांची जोडी घ्यायची म्हणून आम्ही दोघे नाशिकच्या भांडी बाजारात गेलो होतो. लग्नसराईची संध्याकाळ असल्याने दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बिल 4,680 रुपये झाले आणि मी नेहमीप्रमाणे डेबिट कार्ड पुढे केले. गल्ल्यावरच्या मुलाने ते मशीनमध्ये खोचले, दोनदा मान हलवली आणि म्हणाला, "काका, आत रेंज येत नाही, दारापाशी धरतो. पिन सांगा." मी सांगितला. आजूबाजूला आठ-दहा गिऱ्हाइके उभी असताना, चारही आकडे, मोठ्याने.

त्या क्षणी मला यात वावगे काहीच वाटले नाही, कारण चिपच्या कार्डावर माझा पूर्ण भरवसा होता. मागच्या काळ्या पट्टीवरची माहिती कायम एकच असते, त्यामुळे चोरट्याने ती एकदा उतरवून घेतली की दुसरे कार्ड बनवता येते; चिप मात्र प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते आणि तो पुन्हा वापरता येत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने 31 डिसेंबर 2018 पर्यंत जुनी पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यास बँकांना सांगितले होते. हे सारे मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना अनेकदा समजावून सांगितलेले आहे. चिपची नक्कल होत नाही, हे खरेच आहे; पण त्या मुलाला नक्कल करायचीच नव्हती.

पट्टीचे कार्ड एकदा ओढले की लगेच हातात परत येत असे. चिपचे कार्ड व्यवहार पूर्ण होईपर्यंत मशीनमध्येच राहते, आणि मशीन दुसऱ्याच्या हातात असेल तर तेवढा वेळ कार्डही त्याच्याच ताब्यात असते. तो दारातून परत आला, पावती दिली, कार्ड दिले. बँक तीच, निळा रंग तोच. मी ते न पाहता पाकिटात सरकवले आणि जड घंगाळ कसे न्यायचे याच्या विवंचनेत पडलो.

रविवार कारंजाच्या गर्दीतून गंगापूर रोडला घरी पोहोचेपर्यंत खिशातल्या फोनकडे लक्ष गेले नाही. पाहिले तेव्हा पाच संदेश येऊन पडलेले होते: एटीएममधून चार वेळा 10,000 रुपये आणि एका मोबाइलच्या दुकानात 31,999 रुपये. कार्ड तर माझ्याजवळच आहे, मग हे कसे, म्हणून पाकीट उघडले, तर कार्डावर भलत्याच माणसाचे नाव.

बँकेला फोन करून कार्ड बंद केले, सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि त्याच रात्री पोलिसांकडे गेलो. कार्ड बंद झाल्यानंतर आणखी एक व्यवहार करण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. पण एटीएममधून हातात पडलेली रोकड कोणत्या खात्यात गोठवणार? दुकानमालकाच्या सांगण्यानुसार तो मुलगा आठच दिवसांपूर्वी कामाला लागला होता आणि त्या संध्याकाळनंतर फिरकलाच नाही.

बँकेचे उत्तर तीन ओळींचे होते. सर्व व्यवहार मूळ कार्डाची चिप वाचून आणि बरोबर पिन टाकून झाले असल्याने रक्कम परत करता येत नाही. मी रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक घेऊन शाखेत गेलो. ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कोणामुळे नुकसान झाले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा पडत नाही, असे त्यात आहे. अधिकाऱ्याने शांतपणे त्याच परिपत्रकातला पुढचा भाग दाखवला: ग्राहकाने स्वतः पिन उघड केला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. राग आला, पण वाद घालण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नव्हते.

सर्वांत जास्त बोचते ते वेगळेच. 1 जानेवारी 2021 पासून 5,000 रुपयांपर्यंतची रक्कम कार्ड मशीनला नुसते टेकवून, पिनशिवाय देता येते. माझे बिल त्या मर्यादेत होते, आणि कार्ड माझ्या हातातून सुटण्याचीही गरज नव्हती. परंतु गर्दीत कोणी खिशाला मशीन लावून पैसे काढील, या ऐकीव भीतीने मी ती सोय सुरूच करून घेतली नव्हती. आता ती सुरू केली आहे, आणि दुकानातल्या तसेच एटीएमच्या व्यवहारांची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधून खाली आणली आहे. मशीनला रेंज नसेल तर मीच मशीनबरोबर दारापर्यंत जातो आणि दुसऱ्या हाताचा आडोसा करून पिन दाबतो. कार्ड परत घेताना त्यावरचे नाव वाचतो. मागे उभ्या असलेल्यांची चुळबुळ होते, ती होऊ देतो.

माझ्या पाकिटात आलेले ते दुसरे कार्ड मी पोलिसांकडे जमा केले. चौकशीत कळले की त्याच्या मालकाने ते तीन आठवड्यांपूर्वीच बंद करून घेतले होते. त्यांच्याही पाकिटात तेव्हा तिसऱ्याच कोणाचे तरी निळे कार्ड आले होते.